निघायचं ठरलं, पण कसं निघालो?

श्रोतेहो, २४ मार्च १९९० रोजी भारतीय शांतिसेनेची शेवटची तुकडी श्रीलंकेतलं त्रिंकोमाली बंदर सोडून निघाली. परतणाऱ्या जवानांच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. सरकारच्या हुकमाने लढून आलेल्या माणसांकडे पाठ फिरवलेली पाहून मला आजही वाईट वाटतं. राग धोरणावर काढायचा होता.

ते धोरण काय होतं? २९ जुलै १९८७ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. आपली सेना गेली ती तिथल्या बंडखोर तमिळ संघटनांकडून शस्त्रं जमा करून घ्यायला. ऑक्टोबरात त्यांतल्याच लिट्टे या वेगळं तमिळ राष्ट्र मागणाऱ्या संघटनेशी युद्ध जुंपलं. उत्तर श्रीलंकेतल्या जाफना विद्यापीठाच्या मैदानात रात्री हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या ३० शीख जवानांपैकी २९ जण मारले गेले. त्याच महिन्यात जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या सैनिकांच्या गोळ्यांनी डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णही मेले. हेही आपण मोठ्याने बोललं पाहिजे. पुढे तिथलं सैन्य ७०,०००च्या वर गेलं आणि १,१००हून अधिक जवान कामी आले.

अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येतं: आता मागे फिरलो तर गेलेल्यांचं बलिदान वाया जाईल. ज्यांच्या घरातला माणूस गेला, त्यांच्या तोंडी हे आलं तर मी मान खाली घालून ऐकेन. मंत्र्याच्या तोंडी मला ते चालत नाही. कालच्या मरणाची भरपाई उद्याच्या जवानाच्या जिवाने होत नाही. तो उद्या काय मिळवणार आहे, एवढंच त्याला सांगता आलं पाहिजे. १९८८च्या नोव्हेंबरात उत्तर-पूर्व प्रांताची निवडणूक झाली, तेव्हाच परतीची तारीख ठरायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. जून १९८९मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी जुलैअखेर निघून जा म्हणून सांगितलं. यजमानच नको म्हणतो, मग आपण कोणासाठी लढत होतो?

म्हणजे निघणं योग्यच होतं. माझं भांडण निघण्याच्या रीतीशी आहे.

सोव्हिएत फौज १५ फेब्रुवारी १९८९ला अफगाणिस्तानातून बाहेर पडली. तरी तिथले राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला एप्रिल १९९२पर्यंत टिकले, कारण मॉस्कोहून रसद आणि पैसा येत राहिला. तो आटला आणि काही महिन्यांत सरकार कोसळलं. सैन्य काढणं आणि हात काढून घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्ही एकदम केल्या.

जाता जाता आपल्या पाठिंब्याने तिथे ‘तमिळ राष्ट्रीय सेना’ उभी केली गेली. त्यात कितीतरी पोरं घराघरांतून जबरदस्तीने ओढून आणलेली होती, काही तर मिसरूडही न फुटलेली. त्यांच्या हाती बंदुका दिल्या आणि लिट्टे समोर असताना आपण एकेक जिल्हा रिकामा करत गेलो. आपण मागे सरलो, तसतशी लिट्टेने ती सेना मोडून काढली. प्रांताचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमाळ भारतात आले. त्यांच्यासोबत काही लोकही आले. त्या पोरांपैकी सगळ्यांना मात्र समुद्र ओलांडता आला नाही.