घरमालकांना गळतीचा मेसेज कसा टाकायचा?

नमस्कार मंडळी!

"काका, बाथरूममध्ये लीकेज आहे, बघा ना." पुण्यात भाड्याने राहताना मी हा मेसेज घरमालकांना तीनदा टाकला. तिन्ही वेळा उत्तर आलं, "बघतो." मला राग यायचा. पण काका राहतात नाशिकला. नळ गळतोय की छत, हेच माझ्या मेसेजवरून कळत नव्हतं, तर ते प्लंबरला काय सांगणार?

शेवटी आलेल्या प्लंबरनेच एक गोष्ट शिकवली. छताला ओल दिसली की तिच्या कडेने पेन्सिलने रेघ मारायची, बाजूला तारीख टाकायची. दोन दिवसांनी ओल रेघेबाहेर गेली का, ते बघायचं. वरच्यांच्या अंघोळीनंतरच थेंब पडत असतील, तर बहुतेक त्यांचा नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालचं, सांडपाणी जायचं भांडं) गळतोय. दिवसरात्र ठिबकत असेल, तर पाण्याच्या लाइनवर संशय घ्या.

आता माझा मेसेज असा असतो: "काका, बाथरूमच्या छताला गीझरच्या वर ओल आली आहे. सोमवारी तळहाताएवढी होती, आज ताटाएवढी झाली. सकाळी अंघोळीच्या वेळी थेंब पडतात. गीझर बंद ठेवलाय. फोटो पाठवतोय. शनिवारी दहा ते एक मी घरी आहे, प्लंबर पाठवाल का?"

घरमालकांनो, तुम्हीही नुसतं "बघतो" म्हणू नका, वार सांगा. आणि माणूस पाठवण्याआधी फोन करा. घर तुमचं असलं तरी आत कोणाचा तरी संसार चालू असतो.

सोसायटीशी बोलायचं कामही मालकांचंच, कारण सभासद ते आहेत. गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी, बाहेरचे सामायिक पाइप यांची दुरुस्ती साधारणपणे सोसायटीकडे असते. दोन फ्लॅटमधली आतली गळती सभासदांनी आपसात निस्तरायची.

एक कळकळीची विनंती, परस्पर भाडं कापू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ मध्ये १५ दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून वळता करायची सोय आहे, पण ती भाडेकरूंसाठी. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे घर वापरायची फक्त परवानगी देणाऱ्या करारावर राहणारे आपण कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाही. म्हणून कोणती दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हे सही करण्याआधीच करारात लिहून घ्या.

काम झाल्यावर लगेच रंग मारू नका. पेन्सिलची रेघ तशीच राहू द्या. ओल आटतेय का, हे त्या रेघेवरूनच कळतं. पंधरा दिवसांनी तिचा फोटो काकांना पाठवा.