गव्हाणीपाशी विसावा

(साताऱ्यातील एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळापुढे आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, केलेले भाषण, थोडे संपादन करून.)

प्रभूमध्ये प्रिय बहिणींनो, आणि मागच्या बाकांवर बसलेल्या बंधूंनो,

आत येताना दारातच एका ताईंना विचारलं, "कशा आहात?" त्या म्हणाल्या, "नाताळ एकदा होऊन जाऊ दे, मग बरी होईन." ते वाक्य माझ्या मनातून जाईना. ज्याच्या जन्माचा सण, तो कधी आटोपतोय याची आपण वाट बघतोय. त्या ताईंचं काही चुकलं नाही. मीसुद्धा कित्येक वर्षं हेच म्हणत आले.

मी नर्स होते. डिसेंबर लागला की आपल्याच मंडळीतल्या बायका बीपी वाढलं, झोप लागत नाही, डोकं ठणकतंय म्हणून यायच्या. घराला रंग, पडद्यांची धुणी, चकल्या, शंकरपाळ्या, करंज्या, संडे स्कूलच्या मुलांचं नाटक, मेंढपाळांच्या डोक्याला बांधायची फडकी, रात्री घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरणाऱ्या कॅरल पार्टीचा चहा. त्यातच कुणाचा नवरा कामावरून कमी झालेला, कुणाच्या सासूबाई अंथरुणावर. आणि चेहरा मात्र हसरा ठेवायचा, कारण सण आहे!

लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत ठेवलं असं आपण दरवर्षी वाचतो. गव्हाण हा शब्द आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गोठ्यात असते ती गव्हाण. आजोळी, कोरेगावकडे, आमची दगडी गव्हाण होती. बैलांच्या जिभांनी आतून इतकी गुळगुळीत झालेली की हात फिरवला तर थंडगार लागायची. पण आपल्याकडे दुसरीही एक गव्हाण आहे, साखर कारखान्याची, ऊस गाळायला आत नेणारी. गव्हाणीत मोळी टाकली की गळीत हंगाम सुरू होतो. मग ती रात्रंदिवस फिरत राहते, जे टाकाल ते ओढून नेते आणि चिपाडं करून सोडते. दोन्हींना नाव एकच. गोठ्यातल्या गव्हाणीपाशी जनावर संध्याकाळी येऊन उभं राहतं, खातं, रवंथ करत बसतं. कारखान्याच्या गव्हाणीला मात्र थांबणं ठाऊक नसतं. आपला डिसेंबर यांपैकी कोणत्या गव्हाणीत गेला आहे, हे एकेकीनं आपल्या मनाला विचारून बघावं.

प्रभू म्हणतो, "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." मत्तयाचा 11 वा अध्याय, 28 वी ओवी. ही आपल्याला पाठ असते. पुढची ओवी आपण घाईनं वाचतो. विसावा देईन म्हणून लगेच तो सांगतो, माझं जू आपल्यावर घ्या. मला लहानपणी हे कोडं वाटायचं. दमलेल्या बैलाचं जू उतरवायचं असतं. त्याच्या मानेवर आणखी एक जू कोण ठेवतं?

याचं उत्तर आजोबांच्या गोठ्यात मिळालं. एक वर्ष आमच्या बैलाला खांदेसूज झाली. मान फुगली, कातडी सोलवटली, हात लावू देईना. मी म्हणाले, "आजोबा, ओझं जास्त झालं का हो?" ते म्हणाले, "वझं न्हवं गं, जू वाईट हाय. एकीकडनं खरबरीत, अन् जोडीतला दुसरा बैल उंचीला कमी." मग सुताराकडून दुसरं जू आलं. हा बैल होता तोच, गाडी होती तीच, पण मान बरी झाली. प्रभू स्वतः सुतार होता. माझं जू सोयीचं आहे असं तो म्हणतो, तेव्हा ते मापानं घडवलेलं आहे, मानेला काचत नाही, असंच मला ऐकू येतं.

आणखी एक. नवं खोंड कधी एकटं जुंपत नाहीत. जाणत्या बैलाच्या जोडीला देतात. ओढ तो जाणता बैल घेतो, खोंड नुसतं त्याच्या पावलाबरोबर चालायला शिकतं. 'माझं जू' म्हणजे दुसऱ्या बाजूला त्याचा खांदा आहे. मग विचारायचं ते एवढंच, की या डिसेंबरात माझ्या मानेवर जे आहे ते त्यानं ठेवलेलं आहे का? आजारी सासूबाईंची सेवा त्यानं दिलेली असेल. पण शेजारणीपेक्षा एक पदार्थ जास्त झाला पाहिजे, गेल्या वर्षीपेक्षा नाताळची चांदणी मोठी लागली पाहिजे, हे जू त्यानं घडवलेलं नाही. ते उतरवलं तर तो रागावणार नाही.

आता एलीया. बायबलमधलं राजे, पहिलं पुस्तक, 19 वा अध्याय. हा अध्याय मी नाइट ड्यूटीत कितीदा वाचला असेन. एवढा मोठा संदेष्टा रानात एका झुडपाखाली पडतो आणि म्हणतो, पुरे झालं, माझा प्राण घे. देवदूत येतो. उपदेश करत नाही, विश्वास कमी पडला असं म्हणत नाही. ऊठ, खा, म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो आणि पुन्हा खायलाच सांगतो. देवाचं बोलणं नंतर, डोंगरावर. तेही वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत नाही, तर त्यानंतरच्या मंद वाणीत. म्हणून मी ठामपणे सांगते, झोप घेणं आणि वेळेवर जेवणं ही अविश्वासाची लक्षणं नव्हेत. आणि मन आठवडेच्या आठवडे काळवंडलेलं राहिलं, जगावंसं वाटेना, तर प्रार्थनाही करा आणि डॉक्टरकडेही जा. देवदूत भाकर घेऊन आला होता, हे विसरू नका.

याच साताऱ्यात 1917 मध्ये ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक अहमदनगरची मिशनची नोकरी सोडून राहायला आले. 'देवाचा दरबार' हा येशूच्या भक्तांचा मेळा त्यांनी इथेच मांडला. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, सगळ्यांना त्यात जागा होती. 1919 मध्ये ते गेले, म्हणजे दोनच वर्षं मिळाली. पण त्यांच्यामुळे आपल्याला टाळ-मृदंगावर येशूला आळवता आलं. कॅरल पार्टीला माझी विनंती आहे, स्पीकरची गाडी एक रात्र घरी ठेवा. वीस घरं घेण्याऐवजी पाच घ्या. टाळ न्या, एक भजन म्हणा आणि त्या घरात दहा मिनिटं नुसते बसा.

शेवटी माझं सांगते. हे गेले त्या वर्षीचा नाताळ. मी चांदणी लावली नव्हती. तेविसाव्या तारखेला मंडळीतली एक बहीण आली, पिशवीत तिचं स्वतःचं कातण घेऊन. म्हणाली, "सारण केलंय मी. तुम्ही फक्त लाट्या करा." सांत्वनाचा एक शब्द बोलली नाही. आम्ही जमिनीवर बसलो, मी लाटी करायची, ती लाटून सारण भरायची आणि कातण फिरवायची. कडेचा तो नागमोडी काप पडताना बारीकसा आवाज येतो ना, तेवढाच घरात. ह्यांना करंजीत खसखस लागायची. ती तिनं न विचारता घातली होती, वासावरून कळलं. मी रडले. ती लाटत राहिली. पुढे कधीतरी भिंतीला टेकल्या टेकल्या मला झोप लागली, कित्येक आठवड्यांनी. जागी झाले तेव्हा अंगावर चादर होती, गॅस बंद होता, डब्यात करंज्या होत्या आणि कातण धुऊन ओट्यावर पालथं ठेवलेलं होतं. ते ती मुद्दाम विसरून गेली होती. दुसऱ्या दिवशी न्यायला आली आणि पुन्हा तासभर बसली.

आपल्या मंडळीत या वर्षी चार घरांत पहिलाच रिकामा नाताळ आहे. गावाबाहेर ऊसतोडीच्या कोप्यांत तान्ही बाळं घेऊन आलेल्या आयाही आहेत. दोघी-दोघींनी जायचं, बोलायचं कमी, काम हातात घ्यायचं. पुढच्या बाकावर वही ठेवली आहे. ज्यांना जाणं जमेल त्यांनी आपलं नाव आणि वार लिहा. आणि ज्यांना वाटतं, आपल्याकडेच कुणीतरी यावं, त्यांनीही लिहा. त्यासाठी मागचं पान आहे, ते फक्त मी बघणार आहे.