जेआरएफची जाहिरात नीट कशी वाचायची?

नमस्कार. एम.एस्सी. किंवा एम.टेक. झालंय, आयआयटी मुंबईच्या साइटवर ‘ज्युनियर रिसर्च फेलो (जेआरएफ), एक जागा’ अशी जाहिरात दिसलीय आणि तुम्ही लगेच फॉर्म भरायला बसलाय. जरा थांबा. ती जाहिरात आधी नीट वाचूया.

ही जागा संस्थेची नसते, प्रोजेक्टची असते. पवईतल्या एखाद्या प्राध्यापकाला डीएसटी (केंद्राचा विज्ञान-तंत्रज्ञान विभाग), डीआरडीओ, इस्रो नाहीतर एखादी कंपनी पैसे मंजूर करते. त्यातूनच यंत्रं येतात, केमिकल्स येतात आणि तुमचा पगारही येतो. हे प्राध्यापक म्हणजे तुमचे पीआय, म्हणजेच प्रोजेक्टचे प्रमुख. प्रोजेक्ट संपला की जागाही संपली. जाहिरातीत ‘नेमणूक एक वर्ष, मुदतवाढ शक्य’ एवढंच असतं. पण तीन वर्षांच्या प्रोजेक्टमधला आधीचा जेआरएफ मधेच सोडून गेला म्हणून ही जागा निघाली असेल, तर तुमच्या वाट्याला जेमतेम वर्षभर उरलेलं असू शकतं. तेव्हा मुलाखतीत स्पष्ट विचारा, “सर, प्रोजेक्टचे किती महिने शिल्लक आहेत?” यात उद्धटपणा काही नाही.

पैशांचं म्हणाल तर केंद्राच्या दरानं 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफला महिना 37,000 रुपये, सीनियर रिसर्च फेलोला (एसआरएफ) 42,000, वर घरभाडे भत्ता. त्यासाठी साधारणपणे नेट किंवा गेट ही परीक्षा पास असावी लागते. गेटचा स्कोअर निकालापासून तीनच वर्षं चालतो, तेव्हा तुमच्या स्कोअरकार्डवरची तारीख बघून घ्या.

आता जे सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. प्रोजेक्टमध्ये जेआरएफ म्हणून लागलात म्हणजे पीएचडीला प्रवेश मिळाला, असं धरून चालू नका. पीएचडीचा अर्ज वेगळा, मुलाखत वेगळी, नियमही प्रत्येक ठिकाणचे वेगळे. मुलं दोन-दोन वर्षं राबतात आणि नोंदणीचं विचारायचंच राहून जातं. वय आणि उमेद दोन्ही खर्च होतात हो यात! रुजू होण्याआधी पीआयना ईमेल करा: पीएचडीला नोंदणी करता येईल का, कधी, आणि प्रोजेक्टचं काम थीसिसमध्ये धरलं जाईल का? उत्तर लेखी घ्या.

आणि फक्त पवईकडे डोळे लावून बसू नका. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी), पुण्याचं अभियांत्रिकीचं सीओईपी, लोणेरेचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, यांच्या साइटवरच्या नोटिसाही अधूनमधून चाळत जा.

शेवटी सीव्ही. जे यंत्र स्वतः हाताळलंय तेवढंच लिहा. ‘एसईएम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) येतं’ असं लिहिलंत, तर नमुन्यावर सोन्याचा पातळ थर का देतात, हे विचारलं जाऊ शकतं. वीज न वाहणाऱ्या नमुन्यावर इलेक्ट्रॉन साचतात आणि चित्र बिघडतं, म्हणून. हे ज्यानं स्वतः केलंय तो पटकन सांगतो. तुम्ही नुसता नमुना लॅबमध्ये देऊन फोटो घेऊन आला असाल, तर ‘एसईएमच्या चित्रांचं विश्लेषण केलं’ असं लिहा. तेही काम आहे, आणि त्यावरचे प्रश्न तुम्हाला पेलतील.