आठ वर्षांचा पाठपुरावा : स्कॉटलंडच्या संसदेतील एका प्रश्नाची गोष्ट

एडिनबरोच्या रॉयल माइल या जुन्या रस्त्याच्या टोकाला, होलीरूडच्या राजवाड्यासमोर, काँक्रीट, ओक आणि काच यांची ही इमारत उभी आहे. ही स्कॉटलंडची संसद. 1997 च्या सार्वमतानंतर लंडनच्या वेस्टमिन्स्टर संसदेने कायदा करून काही विषय स्कॉटलंडकडे सोपवले आणि मे 1999 मध्ये 129 सदस्यांची ही संसद कामाला लागली. आरोग्य, शिक्षण आणि न्यायव्यवस्था हे विषय इथल्या अखत्यारीत आले, तर परराष्ट्र धोरण, संरक्षण आणि वैद्यकीय उपकरणांचे नियमन लंडनकडेच राहिले. यातली शेवटची बाब तेव्हा कुणाच्या फारशी लक्षात आली नसेल, पण पुढे हजारो स्त्रियांच्या दृष्टीने तीच कळीची ठरली, कारण त्यांच्या शरीरात बसवलेली जाळी हे असेच एक वैद्यकीय उपकरण होते.

पडद्यावर दिसते आहे ती पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची बारीक विणीची, साधारण एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी. बाळंतपणानंतर खोकताना किंवा शिंकताना लघवीवर ताबा न राहणे हा अनेक स्त्रियांचा त्रास असतो आणि त्यावर उपाय म्हणून ही जाळी योनिमार्गातून आत बसवली जात असे. गर्भाशय किंवा मूत्राशय खाली सरकल्यास अशीच, पण आकाराने मोठी जाळी वापरली जाई. शस्त्रक्रिया छोटी होती आणि बहुतेक जणी लवकर घरी जात. अनेकींना तिचा फायदाही झाला, हे नमूद करायलाच हवे. मात्र काहींच्या शरीरात जाळी आकसली, तिने ऊती कापल्या, मज्जातंतूंना इजा केली, आणि या स्त्रियांना चालणेही कठीण झाले. ती काढावी म्हटले, तर कुंपणाची तार झाडाच्या खोडात रुतून जावी तशी ती शरीरात मिसळून गेलेली असे. त्यात कितीतरी जणींना त्यांचे दुखणे मानसिक आहे असे सांगून परत पाठवण्यात आले होते.

2014 साली स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टीचे सरकार होते आणि मजूर पक्ष विरोधी बाकांवर होता. त्या पक्षाच्या वतीने आरोग्य खात्याचा विषय मांडण्याची जबाबदारी नील फिंडले यांच्यावर होती. लोथियन प्रदेशाचे प्रतिनिधी असलेले फिंडले राजकारणात येण्यापूर्वी गवंडीकाम करत, पुढे ते शिक्षक झाले. या पीडित स्त्रियांचे म्हणणे त्यांनी सभागृहात मांडायला सुरुवात केली. त्याच सुमारास त्या स्त्रियांनी स्वतःही संसदेकडे याचिका दाखल केली. स्कॉटलंडमध्ये एकट्या नागरिकालाही अशी याचिका करता येते, आणि याचिका समिती तिच्यावर साक्षी घेऊ शकते, मंत्र्यांनाही बोलावू शकते. आपल्या विधिमंडळातही विनंती अर्ज समिती आहे, पण तिचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल, याची शंकाच आहे.

जून 2014 मध्ये काठ्या टेकत आणि चाकाच्या खुर्च्यांवर बसून आलेल्या स्त्रियांनी समितीसमोर आपले अनुभव सांगितले. त्याच महिन्यात आरोग्यमंत्री ॲलेक्स नील समितीपुढे आले आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत या शस्त्रक्रिया स्थगित ठेवाव्यात, असे आपण सर्व आरोग्य मंडळांना, म्हणजे आपापल्या भागातली सरकारी आरोग्यसेवा चालवणाऱ्या संस्थांना, सांगत असल्याचे त्यांनी जाहीर केले. याचिका आणि विरोधी पक्षाचा रेटा यांतून काही आठवड्यांत असे पाऊल उचलले जावे, हे कोणत्याही संसदेत विरळाच. तरीही या घोषणेचे स्वरूप नीट पाहायला हवे. उपकरणावर बंदी घालण्याचा अधिकार मंत्र्यांना नव्हता, कारण तो विषय लंडनच्या नियामक संस्थेकडे होता, आणि जाळीचे फायदे धोक्यांपेक्षा अधिक आहेत, असे त्या संस्थेचे मत होते. शिवाय दुष्परिणाम कळवण्याचे बंधन डॉक्टरांवर नव्हते, त्यामुळे नोंदी तोकड्या होत्या आणि तोकड्या नोंदींकडे बोट दाखवून धोका कमी आहे असे म्हणता येत होते. मंत्री आरोग्य मंडळांना केवळ विनंती करू शकत होते. या स्थगितीला अपवादही ठेवलेले होते आणि काही रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढेही होत राहिल्या.

फिंडले यांचे खरे काम इथून पुढे सुरू झाले, असे आम्हाला वाटते. स्थगिती आली म्हणजे विषय संपला, असे वृत्तपत्रांनाही वाटू शकते आणि सरकारला तर ते हवेच असते. फिंडले यांनी मात्र लेखी प्रश्न विचारणे सोडले नाही. स्थगितीनंतर किती शस्त्रक्रिया झाल्या, कोणत्या मंडळाच्या हद्दीत झाल्या, जाळी पूर्ण काढल्याचे सांगितलेल्या रुग्णांची ती खरोखर पूर्ण निघाली होती का, असे हे प्रश्न होते. दर गुरुवारी दुपारी फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथले मुख्यमंत्री, स्वतः उभे राहून सदस्यांना उत्तरे देतात. त्या पदावर तेव्हा निकोला स्टर्जन होत्या, आणि 2007 ते 2012 या काळात आरोग्य खाते त्यांच्याकडेच होते. त्यामुळे या प्रश्नांना टाळाटाळीचे उत्तर देणे अवघड जाई, विशेषतः वर प्रेक्षागारात त्या स्त्रिया बसलेल्या असताना.

जाळीच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ गटाचा अंतिम अहवाल मार्च 2017 मध्ये आला आणि वाद पेटला. गटाच्या पहिल्या अध्यक्षांनी आधीच पद सोडले होते. रुग्णांच्या प्रतिनिधींनीही राजीनामे दिले होते. धोक्यांविषयीची महत्त्वाची माहिती अहवालात मागे सारली गेली, असा त्यांचा आक्षेप होता. मग त्या चौकशीचीच चौकशी करण्याचे काम प्राध्यापक ॲलिसन ब्रिटन यांच्याकडे आले आणि मूळ गटाची आखणीच सदोष होती, असा निष्कर्ष त्यांनी 2018 मध्ये मांडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नव्या आरोग्यमंत्री जीन फ्रीमन यांनी जाळीचा हा वापर पूर्ण थांबवला.

या लढ्यातली सर्वांत अनपेक्षित गोष्ट पक्षांच्या संदर्भात घडली. हुजूर पक्षाचे जॅक्सन कार्लॉ हे फिंडले यांच्या बरोबरीने उभे राहिले, आणि ज्यांनी 2014 मध्ये स्थगिती जाहीर केली होती ते ॲलेक्स नील मंत्रिपद गेल्यावर मागच्या बाकांवरून आपल्याच पक्षाच्या सरकारला प्रश्न विचारू लागले. डावे, उजवे आणि सत्ताधारी पक्षातले असे तिघे एका मागणीवर ठाम राहिल्यावर हा विरोधकांचा राजकीय डाव आहे, असे म्हणायची सोय सरकारला उरली नाही. जाळी काढण्यात निष्णात असलेले अमेरिकेतील मिझुरी राज्याचे डॉक्टर डायोनिसिओस वेरोनिकिस यांना स्कॉटलंडमध्ये बोलवावे, अशी या तिघांची मागणी होती. तो बेत फिसकटला, पण 2021 च्या जुलैमध्ये सरकारने मिझुरीतील आणि इंग्लंडमधील ब्रिस्टल इथल्या खासगी रुग्णालयांशी बोलणी झाल्याचे जाहीर केले आणि जाळी काढण्याचा खर्च शासन उचलेल, असे सांगितले.

तोपर्यंत अनेकींनी हजारो पौंड स्वतः उभे करून शस्त्रक्रिया करून घेतल्या होत्या. त्यांचे पैसे परत करण्यासाठी 25 जानेवारी 2022 रोजी होलीरूडच्या सभागृहाने विधेयक मंजूर केले. त्या दिवशी फिंडले तिथे सदस्य म्हणून नव्हते. 2021 ची निवडणूक त्यांनी लढवली नव्हती आणि नील यांनीही लढवली नव्हती. तिघांपैकी एकटे कार्लॉ सभागृहात उरले होते, आणि याचिका समितीचे अध्यक्षपद आता त्यांच्याकडे होते.

या कायद्याने शस्त्रक्रियेचा, प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च, तसेच सोबत गेलेल्या व्यक्तीचा खर्च भरून मिळण्याची सोय झाली. सोसलेल्या वेदनांची भरपाई मात्र त्यात नाही. त्यासाठी उत्पादक कंपन्या आणि आरोग्य मंडळांविरुद्ध न्यायालयाचाच मार्ग राहिला, आणि शरीरात बसवायची अशी उपकरणे बाजारात येऊ द्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार पूर्वीप्रमाणे लंडनकडेच आहे.