चाक आधी, इंजिन नंतर

[दृश्य: मातीच्या ढिगाशी काम करणारा लोडर]

लोडर ढिगात शिरला, बकेट भरली, मागे आला, वळला. पुन्हा पुढे. चालकाच्या पायाकडे बघा. क्लच नाहीच. दिशा बदलली, तरी गिअर पडल्याचा खट्ट आवाज आला नाही. इंजिन एका सुरात चालू आहे आणि चाकं मात्र कधी इंचाइंचाने सरकतात, कधी पळतात. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये इथे तेल आहे. या रचनेला हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन म्हणतात.

[दृश्य: टेबलावर उघडलेला पंप]

हा त्यातला पंप. दंडगोल ठोकळ्यात नऊ पिस्टन गोलाकार बसले आहेत. नऊच का? संख्या विषम असली की तेलाचे हिसके कमी होतात. पिस्टनची टोकं टेकतात ती या तबकडीवर, म्हणजे स्वॉशप्लेटवर. सध्या ती सरळ आहे, म्हणून ठोकळा फिरतोय, पण पिस्टन आत-बाहेर होत नाहीत. तेल हलत नाही, वाहन उभं. आता तबकडी जराशी कलली. पिस्टन हलू लागले, तेल मोटरकडे निघालं. ही मोटर विजेची नाही, तेलाच्या दाबाने फिरते आणि चाकं फिरवते. कल वाढवा, वेग वाढतो. दुसऱ्या बाजूला कलवा, तेल उलट वाहतं आणि चाकं मागे फिरतात. इंजिन आपलं त्याच दिशेने फिरत राहतं. तबकडीची ही हालचाल कितीही वेळा पाहिली तरी मन भरत नाही.

युद्धनौकांवरच्या तोफा वळवायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे तत्त्व वापरलं गेलं. १९६७ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ६५६ ट्रॅक्टरवर ते शेतात आलं.

[दृश्य: कागदावर चाललेलं गणित]

डिझाइन करताना हात आधी इंजिनाच्या तक्त्याकडे जातो. या कागदावर मात्र पहिली ओळ टायर आणि जमिनीची आहे, आणि ती तिथेच हवी. समजा, चारही चाकं ओढणारं पाच टनांचं वाहन आहे आणि जमिनीशी पकड वजनाच्या ०.६ पट. म्हणजे ओढ जास्तीत जास्त ३० किलोन्यूटनच्या आसपास. त्याहून जास्त जोर लावला तर चाक जागच्या जागी फिरेल. म्हणून क्रम असा ठेवायचा: चाक आधी घसरलं पाहिजे, रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब हद्दीबाहेर गेला की तेल सोडून देणारी झडप, त्यानंतर उघडला पाहिजे. क्रम उलटला तर वाहन ढिगात तोंड खुपसून उभं राहतं आणि इंजिनाची ताकद तेल तापवण्यात जाते.

आता दुसरी ओळ, वेगाची. ताशी २० किलोमीटर. एवढी ओढ आणि एवढा वेग एकाच वेळी द्यायचा म्हटलं तर सुमारे १६७ किलोवॅट लागतील. आपलं इंजिन ५५चं. दोन्ही एकदम कधीच लागत नाहीत, पण यंत्रणेला ही दोन्ही टोकं गाठावीच लागतात. तिपटीचा हा फरक भरून काढायचा, हेच खरं डिझाइन. एकट्या पंपाच्या जोरावर भागवायचं तर पंप अवाढव्य होतो. म्हणून मोटरही बदलती घेतात. ढिगात ती एका फेऱ्याला भरपूर तेल घेते, सावकाश पण जोरात फिरते. मोकळ्यावर थोडं तेल घेते, त्याच प्रवाहात जास्त फेरे मारते.

[दृश्य: बोटांत धरलेली व्हॉल्व्ह प्लेट]

पंपात तेल आत-बाहेर सोडणाऱ्या या प्लेटवरची रेघ नखाला लागते. इथे तेलाचा थर असतो अवघा काही मायक्रॉनचा आणि दाब चारशे बारच्या घरात. तेलातला एखादा कण ही रेघ ओढून जातो आणि मग दाबातलं तेल इथूनच निसटतं. पंप आणि मोटर यांच्या बंद वळशात चार्ज पंप सतत ताजं तेल भरतो, ते या फिल्टरमधून गाळूनच गेलं पाहिजे.

गिअरबॉक्सच्या तुलनेत इथे ऊर्जा जास्त वाया जाते, डिझेल जास्त लागतं, आणि तेलाला कूलर द्यावाच लागतो.

[दृश्य: उतारावरून येणारा लोडर]

उतारावर चाकं मोटर फिरवतात, मोटर पंपाला आणि पंप इंजिनाला. इंजिनच वाहन रोखून धरतं. त्यालाही मर्यादा आहे, म्हणून चाकांना वेगळा ब्रेक असतो. तो स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या दाबाने सुटतो. चालकाने आता पेडल सोडलं. तबकडी मध्यावर आली. इंजिन बंद. दाब उतरला, स्प्रिंगने ब्रेक धरला.