बोर्ड घरीच ठेवा

नमस्कार श्रोतेहो. पावसाळा सरला की बॅलार्ड पिअरला मोठी प्रवासी जहाजं लागायला लागतात. मग गिरगावापासून मुलुंडपर्यंत कुणी ना कुणी क्रूझचं तिकीट काढलेलं असतंच. गोवा, कोची, लक्षद्वीप. बॅगा भरल्या जातात, भाकरवडी जाते, आवळासुपारी जाते, आणि अगदी शेवटी, बॅगेची चेन लावता लावता कुणीतरी म्हणतं, "अरे, तो एक्स्टेन्शन बोर्ड टाका. पाच जणांचे फोन आहेत."

आज त्या बोर्डाबद्दलच बोलायचंय. मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुकरची शिट्टी झाली आणि तुम्हाला उठावं लागलं तरी हरकत नाही. बोर्ड घरीच ठेवा. स्पाइक गार्ड, म्हणजे विजेचा झटका अडवणारा बोर्ड असेल, तर तो आधी घरी ठेवा.

नोकरीभर मी बोटीवरची वीज सांभाळली. आपल्याकडच्या बोटींवर इलेक्ट्रिकल ऑफिसरला बत्ती साब म्हणतात. कुणाच्या केबिनमधला दिवा गेला, बत्ती साब. क्रेन अडली, बत्ती साब. टीव्ही लागत नाही, तरी बत्ती साबच. त्यामुळे लोक प्लगमध्ये काय काय खुपसतात हे मी पुष्कळ पाहिलंय. चार्जरची पिन ढिली झाली म्हणून शेजारी काडेपेटीची काडी खोचणारा माणूस फक्त मुंबईत असतो असं मला वाटायचं. तो जगातल्या सगळ्या बंदरांत असतो.

अर्थात त्याला तरी किती बोलणार? आपल्या मुंबईतल्या घरांत प्लग पॉइंट कुठे असावा हे जो ठरवतो, तो त्या घरात कधी राहायला येत नाही. एक पॉइंट कपाटाच्या मागे, दुसरा दाराच्या मागे. मग घरोघरी बोर्ड आले आणि बोर्डातून बोर्ड निघाले. घरी ते निभावून जातं, कारण घरची वीज वेगळी आणि बोटीवरची वेगळी.

कशी वेगळी, ते थोडक्यात सांगतो. घरी दोन तारा असतात, एक फेज आणि एक न्यूट्रल. न्यूट्रल पुढे जमिनीला जोडलेला असतो, म्हणून टेस्टर एकाच भोकात पेटतो. बोटीवर जमीनच नाही. बोटीचा पोलादी सांगाडा हाच तिथला अर्थ, म्हणजे अर्थिंग, आणि बऱ्याच जहाजांवर वीज त्या सांगाड्याला मुद्दामच जोडलेली नसते. टेस्टर लावलात तर दोन्ही भोकांत पेटेल. दोन्ही तारा जिवंत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: दोन्ही तारा जिवंत.

असं का करतात? घरी फेज कुठे अर्थला लागली की ट्रिप होतं आणि आपण हळहळत मीटरबॉक्सकडे जातो. समुद्रात कुठलीतरी एक वायर ओली झाली म्हणून सुकाणूचा पंप बंद पडून चालेल का? म्हणून अशी मांडणी केलेली असते, की एखादी तार सांगाड्याला टेकली तरी काहीच बंद पडू नये. इंजिन कंट्रोल रूममधल्या स्विचबोर्डवर तीन छोटे दिवे असतात, त्यांतला एक मंद होतो आणि बाकीचे दोन जास्त उजळतात. बस्स. घरी चूक झाली की अंधार होतो. बोटीवर अंधार होत नाही. प्रवाशाला काही कळतच नाही आणि त्याचा टीव्ही मजेत चालू राहतो.

आता ही अशी वीज आणि तुमचा स्पाइक गार्ड. त्याच्या पोटात एक भाग असतो, व्हॅरिस्टर. विजेचा झटका आला की तो अर्थकडे वळवून द्यायचा हे त्याचं काम. झटके खाऊन खाऊन तो जुना होतो, गळायला लागतो, तापायला लागतो. शिवाय गार्डचं बटण आणि त्याचा कटआउट बहुतेक वेळा एकच तार तोडतात. घरी तेवढं पुरतं. बोटीवर दुसरी तार जिवंतच राहते. २०१३ साली अमेरिकेच्या कोस्ट गार्डनं जहाजांवरच्या अशा सर्ज प्रोटेक्टरबद्दल खास इशारा काढला होता. आता बहुतेक क्रूझ कंपन्यांच्या मनाई यादीत ही वस्तू दिसते. रॉयल कॅरिबियननं तर २०२४ मध्ये साध्या एक्स्टेन्शन बोर्डालाही बंदी केली.

आणि आग म्हणाल, तर भर समुद्रात फायर ब्रिगेड येत नाही. स्वयंपाकी, स्टुअर्ड, खलाशी यांनाच नळी धरावी लागते, त्याचं शिक्षण घेतल्याशिवाय त्यांतल्या कुणाला बोटीवर चढताच येत नाही. जहाजावरची आग काय करते हे मुंबईला वेगळं सांगायला नको. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज. पोटात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं. आपले ६६ अग्निशामक त्या दिवशी गेले. डॉकच्या बाजूला राहणाऱ्यांच्या घरांत हे आजी-आजोबा सांगायचे. हल्लीच्या मुलांना १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन का असतो तेही माहीत नसतं. शाळेत नको ते सतरा दिवस साजरे करतात, हा एक तेवढा राहतो. असो.

तर किस्सा सांगतो. माझ्या घरच्यांना तो पाठ आहे. बायको तर किस्सा सुरू झाला की चहा टाकायला उठते.

मुंबईहून सुटणाऱ्या एका क्रूझवर होतो. बोटीचं नाव कशाला घ्या. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला कंट्रोल रूममधून फोन आला, "बत्ती साब, अर्थ आया." म्हणजे कुठेतरी तार सांगाड्याला टेकली. गेलो. लायटिंगच्या बोर्डवरचा एक दिवा मलूल. शोधाशोध सुरू करतोय तोवर, रात्री जेवणं आटोपल्यावर, दिवा आपोआप ठीक झाला. दुसऱ्या दिवशी परत दिवेलागणीला, "बत्ती साब, फिर अर्थ आया." रात्री परत गायब. अर्थ फॉल्टनं घड्याळ लावून यावं आणि घड्याळ लावून जावं, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

पहिला संशय गॅलीवर, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरावर. वाफ, पाणी, तेल, सगळं तिथेच. आणि संध्याकाळीच तिथली सगळी हीटर सुरू होतात. मी ऐन जेवणाच्या वेळेला एकेक ब्रेकर पाडायला लागलो, तेव्हा शेफनं मला ज्या भाषेत सुनावलं ती रेडिओवर सांगण्यासारखी नाही. गॅली स्वच्छ निघाली.

मग म्हटलं, डेकवरचे दिवे. तेही अंधार पडल्यावरच लागतात, आणि खारं पाणी फिटिंगमध्ये शिरतंच. माझ्याबरोबर गुहागरचा एक तेलवाला, म्हणजे इंजिनाचं तेलपाणी बघणारा खलाशी होता, कामाला वाघ, पण बोलणं अजिबात नाही. दिवसभर उन्हात आम्ही दोघांनी फिटिंग उघडली. एकात खरंच पाणी सापडलं. मी एवढा खूष झालो, की त्याला माझ्या खर्चानं थंड पाजलं. संध्याकाळी खुर्चीत बसून त्या तीन दिव्यांकडे बघत होतो. सूर्य बुडाला आणि दिवा मंद झाला. तेलवाला पहिल्यांदाच बोलला, "साहेब, ह्यो देवाच्या येळेला येतो." मी हसण्यावारी नेलं.

आता उरल्या प्रवाशांच्या केबिनी. तिथे ब्रेकर पाडायचा म्हणजे गिऱ्हाइकांच्या शिव्या. तरी एकेका डेकचा ब्रेकर क्षणभर बंद करायचा आणि वर दिवा सुधारतो का ते बघायचं, असं चालू केलं. नेमकी त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती. एका डेकवरचे टीव्ही गेल्याबरोबर लोक बनियनवर बाहेर आले. पण त्याच क्षणी कंट्रोल रूममधून ओरडा आला, "गया, साब!" डेक सापडला. मग त्यातला कॉरिडॉर, मग केबिनचा गट. स्टुअर्डला बरोबर घेऊन एकेक दार ठोठवायला लागलो.

एका दाराआडून टाळ्या आणि आरती ऐकू आली. तेलवाल्यानं माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही, पण बघणं पुरे होतं.

दार उघडलं. गिरगावचं कुटुंब. आजी, मुलगी, जावई, दोन नातवंडं. ड्रेसिंग टेबलावर गणपतीची छोटी मूर्ती. आगपेटी, निरांजन बोटीवर चालत नाही, हे आजींना माहीत होतं, म्हणून त्यांनी विजेचं तोरण आणलेलं. लोहार चाळीच्या बाजारातलं, बरीच वर्षं वापरलेलं. केबिनच्या भिंती पोलादी असल्यानं लोहचुंबक चिकटतात हा शोध नातवांनी लावला होता, आणि फ्रिजवरची चुंबकं आणून सगळं तोरण भिंतीवर आरशाभोवती चिकटवलं होतं. दिसत सुंदर होतं, खोटं कशाला बोला. पण तोरण मध्येच तुटलेलं, त्याला जोड दिलेला, आणि जोडाला इन्सुलेशन टेपही नाही, सेलोटेप! आणि बरोबर त्या जोडावर चुंबक.

तोरण होतं स्पाइक गार्डमध्ये. गार्ड पलंगावर दुलईच्या घडीत. त्याची तीन पिनांची मान एका अ‍ॅडॉप्टरमध्ये, आणि त्या अ‍ॅडॉप्टरमध्ये अर्थची पिन कुठेच टेकत नव्हती. त्याच गार्डात फोन होते, टॅब होता, आणि श्रोतेहो, डासांचं मशीन होतं. अरबी समुद्राच्या मध्यावर डासांचं मशीन! गार्डला हात लावला तर कोमट. प्लॅस्टिकचा वास.

जावई शिकलेला होता. म्हणाला, "काका, हा सर्ज प्रोटेक्टर आहे. सेफ्टीसाठीच आणलाय." मी म्हटलं, बघू या. गार्डचं बटण बंद केलं. तोरण विझलं. जावयानं माझ्याकडे 'झालं?' अशा नजरेनं पाहिलं. मी कंट्रोल रूमला फोन लावला.

"अर्थ गया क्या?"

"नहीं साब. है अभी."

तोरण विझलेलं, बटण बंद, आणि तरी अर्थ. मीटर काढून जावयाच्या हातात दिला. एक टोक विझलेल्या तोरणाच्या तारेला, दुसरं केबिनच्या दाराच्या उघड्या स्क्रूला. एका तारेत शून्याच्या आसपास, तीच भिंतीला टेकलेली. पण गार्डात येणाऱ्या दुसऱ्या तारेवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज, सांगाड्याच्या तुलनेत. बटणानं एक तार तोडली होती, आणि भिंतीला चिकटली होती ती न तुटलेली. मग मी प्लग ओढला.

"गया, साब! गया!"

फोनमधून तो आवाज सगळ्या केबिनला ऐकू गेला. नातवंडांनी टाळ्या वाजवल्या.

पण मग रोज रात्री अर्थ आपोआप जायचा कसा? मी विचारलं, झोपताना काय करता? आजी म्हणाल्या, "बटणावर माझा विश्वास नाही. मी प्लगच काढते. आमच्या चाळीत तीच पद्धत होती." त्या केबिनमध्ये विजेची खरी समज असलेल्या एकट्या त्याच.

मी तोरण आणि गार्ड जप्त करून टॅग लावला, उतरताना परत मिळेल म्हणून सांगितलं. बोटीच्या करमणूक विभागाकडे सेलवर चालणारे छोटे दिवे होते, ते आणून दिले. लॉगबुकात मात्र पंचाईत. मी लिहिलं, 'डेकोरेटिव्ह लायटिंग, दोष काढला.' चीफ इंजिनिअरनं वाचलं आणि बारमधल्या रोषणाईवरून बारवाल्याला पाऊण तास झापलं. तो बिचारा शपथा घेत राहिला. मी मध्ये पडलो नाही. तो बारवाला आमच्याकडून सोड्याचे फार पैसे लावायचा.

आता काचेपलीकडून खूण होतेय, वेळ थोडा उरला. भराभर सांगतो.

फोनसाठी बोर्ड लागत नाही. चार-सहा तोंडांचा यूएसबी चार्जर घ्या, नाव असलेल्या कंपनीचा, ज्यात स्पाइक गार्ड नाही असा. त्यावर १०० ते २४० व्होल्ट असं छापलंय का ते बघा, कारण बऱ्याच केबिनींत ११० व्होल्टचाही सॉकेट असतो. आपल्या जाड तीन पिना तिथे बसतीलच असं नाही, म्हणून चांगला अ‍ॅडॉप्टर घ्या. इस्त्री, केटल, पाण्यात टाकायचा रॉड, राइस कुकर, यांतलं काहीही नेऊ नका. बंदरावर एक्स-रे मशीनमध्ये बॅग जाते, तिथेच बाहेर काढतात, आणि मग मागे रांगेतले लोक तुमच्या राइस कुकरकडे बघत बसतात. कंपनीगणिक नियम बदलतात, तेव्हा मनाई यादी तिकिटाबरोबर येते ती वाचा. बोर्ड घरीच ठेवा, हे तिसऱ्यांदा सांगतोय. भिंतीला चुंबकानं काय हवं ते लावा, टोपी लावा, नातवाची चित्रं लावा, वायर लावू नका. आणि केबिनमध्ये जळका वास आला, सॉकेट गरम लागला, तर स्वतः स्क्रू ड्रायव्हर काढू नका. फोन उचला आणि सांगा. बत्ती साबला त्यासाठीच पगार असतो.

राहिला एक प्रश्न, आणि तो बरेच जण विचारतात. झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन लावणाऱ्यांनी काय करायचं? पलंगाजवळ सॉकेट नसेल तर वायर पोचत नाही. त्यांनी घरची वायर न्यायची नाही. बुकिंग करतानाच कंपनीला लेखी कळवायचं. बहुतेक बोटींवर तपासलेली वायर असते, ती केबिनमध्ये आणून देतात. बोटीवर चढल्यावर मागितलीत तर मिळेलही, पण पहिली रात्र तुमची जागरणात जाईल. नमस्कार.