तेच घर, तीच शाळा, दोन भावंडं

नमस्कार श्रोतेहो. हातपाय ठणकणं, पिवळे डोळे, रक्त चढवणं... आपल्या विदर्भात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. मी आज बोलणार आहे ते सिकलसेलच्या रुग्णाच्या बुद्धीबद्दल.

२०१० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सिकलसेलचे १४९ प्रौढ रुग्ण, मेंदूचा कोणताही त्रास न झालेले, आणि ४७ निरोगी माणसं. हात आणि डोळे वापरून सोडवायच्या चाचण्यांत रुग्णांचा बुद्ध्यांक सरासरी साडेपाच गुणांनी कमी भरला. रक्त कमी, म्हणून मेंदूला प्राणवायू कमी. पण गरिबी, बुडालेली शाळा, यांचाही वाटा असतोच ना? म्हणून सख्ख्या भावंडाशी तुलना करायची. तेच घर, तीच शाळा, तेच जेवण. मग जो फरक उरतो, तो बराचसा आजाराचा.

काटोलकडून एक बाई आपल्या दोन लेकरांना घेऊन बुद्धीची चाचणी करायला माझ्याकडे आली होती. पोरगा बावीसचा, सिकलसेलचा. पोरगी एकोणीसची, निरोगी. मे महिना, कूलर घरघरतोय. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांतून चित्रातली नक्षी जुळवायची होती. पोरीनं झटक्यात जुळवली. पोरगा एकेक ठोकळा बोटांत फिरवत बसला, मधेच बाटलीतून दोन घोट पाणी प्यायला. वेळ संपली. नियमानं शून्य गुण. मी ठोकळे उचलायला गेले तर म्हणाला, "मॅडम, थांबा ना जरा." थांबले. आणखी दीड मिनिटात नक्षी पूर्ण, एकही ठोकळा चुकला नाही!

नंतर आईला आत बोलावलं. ती हळूच म्हणाली, "शाळेत याले मठ्ठच म्हणत, बाई."

बहीण उसळली, "काहून मठ्ठ? माह्यं दहावीचं गणित यानंच तं शिकवलं!"

तेच घर, तीच शाळा. तिच्याइतका पक्का साक्षीदार मला कुठं मिळणार होता?

अहवालात मी शून्यच लिहिलं, आणि खाली लिहिलं, 'जादा वेळ दिल्यावर अचूक.' श्रोतेहो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचं नाव आहे. प्रमाणपत्र काढून घ्या, आणि परीक्षेत आपल्या लेकरासाठी जादा वेळ मागा. अर्ज परीक्षेच्या बराच आधी द्या.